घासलेली जागा

मंगरूळपीर (जि. अकोला)
५ फेब्रुवारी १९७६

श्री. जे. पी. किन्हीकर यांस,

वर जयभीम लिहिलेला नाही. शेजारच्या कुणी पत्र उघडून वाचलं तर तुमची पंचाईत व्हायची. बघा, वेगळं होऊन दीड वर्ष झालं, तरी नवऱ्याची अब्रू सांभाळायची माझी खोड काही जात नाही.

तुमचं पत्र मिळालं. दीड वर्षांतलं पहिलंच. उघडण्याआधी वाटलं, स्वतःच्या आईच्या दम्याची चौकशी केली असेल. बायको कशी आहे हे विचारणार नाही, पण गावी, किन्हीराजाला, आईबाप अजून आहेत, एवढं तरी आठवलं असेल. निघालं काय, तर मुंबईच्या तुमच्या सरकारी हिशेबाच्या केंद्रातल्या कॉम्प्युटरला रोग झाला आहे आणि तो म्हणे मी घातला! चोराच्या उलट्या बोंबा ऐकून होते, आता टाईप केलेल्या वाचल्या.

तुम्ही लिहिता, माझा तो प्रोग्रॅम माहिती साठवायच्या टेपांवर स्वतःच्या नकला करत सुटला आहे. एकाच टेपेवर नकलेपुढं नक्कल, तिच्यापुढं आणखी एक. टेप भरते, मग तो पुढच्या माहितीवर चढतो आणि ती पुसून टाकतो. मुंबईचा रोग पुण्याला गेला, पुण्याचा दिल्लीला. आणि मी नोकरी सोडताना सूड म्हणून हे मुद्दाम पेरून गेले, असं तुमचे साहेब म्हणतात. साहेब आपणहून म्हणतात, की तुम्हीच त्यांना तसं सांगितलंत?

तो प्रोग्रॅम काय होता, हे तुम्हाला माहीत आहे. आठवत नसेल तर सांगते. गावोगावच्या केंद्रांतून टेपा यायच्या त्या जुन्या, चुका असलेल्या गणितांच्या. त्या चढवल्या की हिशेब फसायचे आणि बोलणी आपण खायचो. म्हणून मी असा प्रोग्रॅम लिहिला, की यंत्रावर जी टेप चढेल तिच्यावर तो दुरुस्त केलेली गणितं ठेवील आणि शेजारी स्वतःलाही ठेवील. ती टेप पुण्याला गेली, तिथल्या यंत्रावर चढली, की तिथल्या टेपांवरही तेच. कुणी कुणाला काही पाठवायला नको. हे मला पुस्तकात सापडलं नव्हतं. तुमच्या आईकडं बघून सुचलं होतं. चमचाभर विरजणानं भांडंभर दही लागतं, आणि त्याच दह्यातला चमचा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी जातो. फरक एवढाच, की आपल्या घरचं विरजण किन्हीराजात गावातल्या कोणी कधी नेलं नाही. टेपा मात्र कोणी परत केल्या नाहीत. दिल्लीच्या यंत्रात माझ्या हातचं गेलं आणि कोणी आंघोळ केली नाही, याचं मला तेव्हा फार हसू यायचं. तुम्हालाही यायचं. तेव्हा तुम्ही तायडे होता.

त्या प्रोग्रॅमला मी लगाम घातला होता. आधी टेपेच्या दारात उभं राहून विचारायचं, मी इथं येऊन गेलोय का? असेल, तर मागं फिरायचं. दोन वर्षं तो नीट चालला. मग आता का पिसाळला? मला छापील कागद पाठवा. पाहिल्याशिवाय मी एका शब्दाचीही जबाबदारी घेणार नाही.

वच्छला तायडे


मंगरूळपीर
१ मार्च १९७६

श्री. किन्हीकर यांस,

मी कागद मागितले होते प्रोग्रॅमचे. तुम्ही पाठवला कबुलीजबाबाचा, तोही तयार. मी फक्त सही करायची! 'मी, सौ. वच्छला, कौटुंबिक वादामुळे रागाच्या भरात...' मराठी चांगलं लिहिता. एवढी मेहनत प्रोग्रॅमवर घेतली असती तर बायकोचा प्रोग्रॅम स्वतःचा म्हणून सांगायची वेळ आली नसती.

हो, तेही कळलं आहे मला. पुण्याच्या केंद्रातल्या बाईंनी मागंच कळवलं होतं, की माझ्या मागं तुम्ही तो स्वतःच्या नावावर खपवलात आणि वरची जागा मिळवलीत. म्हटलं, घ्या बापडे. आता तो उलटला तेव्हा मात्र तो पुन्हा माझा झाला. आंबे तुमचे आणि कोयी माझ्या.

तुम्ही लिहिता, 'बाई म्हणून तुला सोडून देतील, मला मात्र सोडणार नाहीत.' आणि पुढच्याच ओळीत, 'आणीबाणी आहे, सरकारी कामातला घातपात म्हणजे काय ते तुला ठाऊकच आहे.' यातलं नेमकं काय खरं धरू? सोडतील ते, की आत टाकतील ते?

इथं माझं उत्तम चाललं आहे. आठवी ते दहावी गणित शिकवते. पोरी पहिल्यांदा फळ्यापाशी यायला लाजायच्या, आता खडू हिसकावून घेतात. जूनपासून कायम करणार आहेत. तुमच्या चौकशीचं इथं कोणाला काही पडलेलं नाही. फक्त मुख्याध्यापक दौलतराव सरांनी परवा बोलावून विचारलं, "म्याडम, मुंबईहून कागद आला. तुमच्याबद्दल पुसून राह्यले. काय भानगड हाय?" मी म्हटलं, काही नाही सर, जुन्या नोकरीचं आहे. ते म्हणाले, "नाई, मले काई नाई. पर संस्थेले असलं चालत नाई." बस, एवढंच.

साहेबांसमोर तुम्ही कौटुंबिक वाद म्हणता तो कुठला, तेही एकदा लिहून ठेवते. मुंबईत तायडे म्हटलं की खोली मिळेना. चार दारं बंद झाल्यावर तुम्ही गावाचं नाव लावून किन्हीकर झालात. तेव्हा मी काही बोलले नाही, कारण त्या दारांबाहेर मीही उभी होते. मग बाबासाहेबांची तसबीर भिंतीवरून कपाटात गेली. तेव्हाही बोलले नाही. मग मामाजी, म्हणजे तुमचे वडील पुंजाजी, भेटायला येतो म्हणाले, तर तुम्ही त्यांना खोलीवर न आणता स्टेशनवरच भेटून आलात. तेव्हा बोलले, आणि तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत.

आणि मग ती परात. आत्याबाईंनी, म्हणजे तुमच्या आईनं, लग्नात दिलेली पितळी परात, तिच्यावर ठोकून घातलेलं नाव, 'केशरबाई पुं. तायडे'. घरमालकीण स्वयंपाकघरात येते, म्हणून तुम्ही परात कल्हईवाल्याकडं नेऊन आईचं नाव कानशीनं घासून आणलंत. वर मला म्हणालात, बघ कशी चकचकीत झाली. मी त्याच आठवड्यात परात पिशवीत घातली आणि निघाले.

सही करणार नाही. कागद पाठवा.

वच्छला तायडे


मंगरूळपीर
२८ मार्च १९७६

श्री. किन्हीकर,

कागद मिळाले. आभार मानत नाही.

आठवडाभर शाळेनंतर तेच वाचते आहे. तुम्ही दोन गठ्ठे पाठवलेत. एक मी केलेला जुना प्रोग्रॅम. तो बिनचूक आहे, काना इकडचा तिकडं नाही. दुसरे बिघडलेल्या टेपेचे कागद. त्यात नकलेमागून नक्कल आहे, आणि प्रत्येक नकलेच्या सुरुवातीला थोडी कोरी जागा सुटली आहे. छापणाऱ्या यंत्राची शाई तिथं उठली नसावी. बाकी मला काही उमगत नाही. लगाम जागच्या जागी आहे, तरी घोडं उधळलंय.

मला एक सांगा. मी गेल्यावर तुम्ही त्यात काही बदललंत का? काहीही. खरं सांगा. माझ्यावर उपकार म्हणून नको, तुमचंच घर जळतंय म्हणून सांगा.

मागच्या पत्रात लिहिलं होतं, की इथं कोणाला काही पडलेलं नाही. ते खोटं होतं. गुरुवारी नववीच्या वर्गात हवालदार आला. माझं पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, मुंबईचा पत्ता, सगळं पोरींच्या देखत विचारलं. नवऱ्याचं आडनाव सांगताना मी अडले, कारण त्याच्या कागदावर किन्हीकर होतं आणि माझ्या तोंडात तायडे. तो म्हणाला, "बाई, नवऱ्याचं नाव बी धड सांगता येत नाई काय तुमाले?" पोरी हसल्या. त्याच पोरी, ज्या खडू हिसकावून घेतात. दौलतराव सरांनी संध्याकाळी सांगितलं, चौकशी मिटेपर्यंत कायम करण्याचं विसरा, आणि अंगावर ठपका आला तर आहे तेही जाईल.

मला भीती वाटते. हे तुम्हाला लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

आणि तुम्ही लिहिता, 'सही कर, प्रकरण थंड झालं की मी तुला परत नांदवीन.' नांदवीन! मी काय तुमच्या दारात ताटकळत बसले आहे का? एक खरं सांगते. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मनात आलं होतं, की खरंच असं काही पेरून आले असते तर किती बरं झालं असतं. मग वाचलं, की नागपूरच्या टेपेवरची शिष्यवृत्तीची यादी पुसली गेली. त्या यादीवर आपण दोघं शिकलो. ती पोरं होस्टेलात पैशांची वाट बघत बसली असतील. त्यांच्यासाठी हे शोधून काढणार आहे. तुमच्यासाठी नव्हे.

बदललंत का? उत्तर द्या.

वच्छला तायडे


किन्हीराजा
१७ एप्रिल १९७६

किन्हीकर,

'काहीएक बदललेलं नाही,' एवढंच तुमचं कार्ड. खाई त्याला खवखवे म्हणतात, तुम्हाला तेही होत नाही.

मी जयंतीला इथं आले. तुमच्या घरी नव्हे, तुमच्या आईबापाच्या घरी. चौदा तारखेला वस्तीचं जेवण होतं. तुम्ही विसरला असाल, म्हणून सांगते कसं चालतं. कोणा एकाच्या घरी एवढी भांडी नसतात. घरोघरची गंजं, पराती, बादल्या विहारासमोर जमतात आणि जेवणं उरकली की बाया ढिगातून आपापलं नाव बघून भांडी उचलतात. नाव घातल्याशिवाय भांडं कोणी घराबाहेर काढत नाही. मी आत्याबाईंना मदत म्हणून ती परात घेऊन आले होते. तिचं नाव तुम्ही घासलं आहे, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. सांगायची लाज वाटली, आणि ती लाज माझी नव्हती.

संध्याकाळी ढिगात शेवटी एकच परात उरली. सगळ्या बायांनी हातात घेऊन पाहिली, ठेवून दिली. आत्याबाईंनीही पाहिली. त्यांना वाचता येत नाही, पण बोटानं आपलं नाव चाचपून ओळखतात. त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हे माही नोये. याच्यावर नाव नाई." आणि स्वतःची परात शोधायला निघाल्या. दम्यानं धापा टाकत घरोघर. "माही परात आली काय वो तुमच्याकडे? केशरबाईची?" मी मागं मागं. एका बाईनं त्यांना बसवलं, पाणी दिलं. जरा दम खाल्ला आणि पुन्हा उठल्या. परत ढिगापाशी आल्या, तीच परात पुन्हा उचलली, पुन्हा बोट फिरवलं, "माही नोये," आणि पुन्हा निघाल्या.

तेव्हा माझे पाय थांबले, किन्हीकर. मला तुमच्या कागदांवरची ती कोरी जागा दिसली.

तिथं शाई उठली नाही असं मला वाटलं होतं. तिथं नाव होतं. वस्तीतली बाई मी, कुठलीही वस्तू नाव घातल्याशिवाय घराबाहेर जाऊ देत नाही. माझा प्रोग्रॅम टेपेवर पोचला, की दाराशी माझं नाव ठेवायचा, व्ही. तायडे. आणि लगाम म्हणजे तेच नाव. दुसऱ्यांदा आला की दाराशी तायडे आहे का ते बघायचा. असेल तर, आपण येऊन गेलो, म्हणून परत फिरायचा. मी गेल्यावर कुणीतरी तुम्हाला विचारलं असेल, हा तायडे कोण हो, किन्हीकर? आणि तुम्ही ते नाव घासून टाकलंत. जिथं डोळ्यांना दिसत होतं तिथून. आत, जिथं प्रोग्रॅम ते शोधतो, तिथं तेच नाव आकड्यांत लिहिलं होतं. ते तुम्हाला दिसलं नाही, कारण तुम्ही तो प्रोग्रॅम कधी समजून घेतलाच नव्हता. फक्त चकचकीत केलात.

मग तो काय करणार? दाराशी जातो, तायडे शोधतो, सापडत नाही. म्हणतो, आपण इथं आलोच नाही. नक्कल ठेवतो आणि कोरी पाटी लावून बाहेर पडतो. पुन्हा आला की पुन्हा तेच. स्वतःच्या घरात बसूनही त्याला स्वतःचं घर ओळखू येत नाही. त्यात द्वेष नाही, सूड नाही, पिसाळणं नाही. तो माझ्या सासूसारखा घरोघर हिंडतो आहे.

मी आत्याबाईंना हाताला धरून बसवलं आणि सांगितलं, परात तुमचीच आहे, नाव घासलं आहे. कोणी घासलं, त्यांनी विचारलं नाही. त्या गुळगुळीत जागेवर पुन्हा बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "जानराव लहानपनी बी असाच. आपलं खोडून दुसऱ्याचं लिहे." मामाजी बाजूलाच होते. ते उठून मागच्या अंगणात गेले.

आता उपाय. नीट वाचा, कारण मी दुसऱ्यांदा सांगणार नाही. झालेल्या नकला हुडकून पुसत बसाल तर जन्म जाईल. एक विसरलेली टेप कुठल्याशा कपाटात राहील आणि तिच्यापासून सगळं पुन्हा सुरू होईल. तसं करू नका. प्रत्येक केंद्राला कळवा, की प्रत्येक टेपेच्या सुरुवातीला, त्या कोऱ्या जागेत, तायडे लिहावं. व्ही. तायडे, मी लिहिलं होतं तसंच. जुनी टेप असो, नवी असो, बिघडलेली असो. प्रोग्रॅम येईल, दाराशी नाव बघेल आणि गपगुमान परत जाईल. पुसलेल्या याद्या मूळ कार्डांवरून पुन्हा चढवाव्या लागतील. शिष्यवृत्तीची आधी.

हो, देशभरच्या टेपांवर तुमचं आडनाव लिहावं लागेल. जे तुम्ही पाटीवरून काढलं, परातीवरून काढलं, माझ्या कामावरून काढलं, तेच. दुसरा इलाज नाही. असता, तरी मी सांगितला नसता.

या पत्रातला प्रोग्रॅमचा भाग वेगळा लिहून, कागदांसकट, चौकशीच्या साहेबांना आजच रजिस्टरनं पाठवला आहे. कोऱ्या जागा लाल पेन्सिलीनं दाखवल्या आहेत. परातीचं त्यांना लिहिलेलं नाही. ते घरचं आहे. तुम्हाला विचारून पाठवण्याइतकी साधी मी आता राहिलेली नाही.

वच्छला तायडे


मंगरूळपीर
२३ मे १९७६

श्री. जानराव पुंजाजी तायडे यांस,

जयभीम.

यावेळी मुद्दाम उघडं कार्ड पाठवते आहे आणि पत्त्यावर तायडेच लिहिलं आहे. पोस्टमन विचारील, इथं तायडे कोण. काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

नाव लिहिल्यापासून सगळीकडची यंत्रं शांत झाली, हे साहेबांनी मला परस्पर कळवलं. माझ्यावरचा ठपका निघाला. दौलतराव सरांनी चहा पाजला आणि म्हणाले, "आमाले त पयलेच मालूम होतं." मी चहा प्याले. तुमची वरची जागा गेली, हेही कळलं. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

तुम्ही लिहिता, इकडं यायचं आहे. मला न्यायला येणार असाल तर एसटीचं तिकीट काढू नका. शाळा सोडून मी कुठंही येणार नाही. आईला भेटायला येणार असाल, तर तुमचा निरोप मी किन्हीराजाला जाऊन आत्याबाईंना सांगितला. त्या नुकत्याच परातीवर नाव घालून घेऊन शेलूबाजारहून परतल्या होत्या. घासलेल्या जागेवरच घातलं, पत्रा तिथं पातळ झालाय म्हणून कारागीर नको म्हणत होता, तरी. बोट फिरवत म्हणाल्या, "येऊ दे त्याले. पर दारात मी पुसीन, कोन हाय म्हून. नाव सांगन त घरात घेईन."

वच्छला तायडे